एमआरआयच्या कागदातली कंबर

भोपाळच्या इंद्रपुरीतून आत्यांचा फोन आला. वय ६७. एमआरआयच्या रिपोर्टात 'एल ४-५ डिस्क बल्ज, फॅसेट आर्थ्रोपथी' असे वाचल्यापासून त्यांनी चालणेच सोडले होते. आपल्याकडेही 'सोंट नोवु' म्हणत असेच कागद घेऊन फिरणारे पुष्कळ आहेत.

कमरेला पाच मणके. चौथ्या-पाचव्यामधली गादी वयानुसार सुकते, थोडी बाहेर फुगते. हा झाला बल्ज. मणक्यांमागचे लहान सांधे झिजतात, तो कमरेचा संधिवात. २०१५ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ३,११० जणांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा आला. कंबरदुखी त्यांच्यापैकी एकालाही नव्हती! तरी गादीची झीज विशीत ३७ टक्के, तर ऐंशीच्या घरात ९६ टक्के लोकांत दिसली. म्हणजे कागदावरची झीज हेच दुखण्याचे कारण, असे धरून चालता येत नाही. रिपोर्ट लिहिणारा दिसेल ते लिहितो. त्याचा आपल्या दुखण्याशी मेळ आहे का, हे अंगाला हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

अंथरूण धरून बसू नये. झेपेल तेवढे चालावे, फिजिओथेरपिस्टकडून पोटा-पाठीचे व्यायाम शिकावेत, वजन आवरावे. दुखण्याच्या गोळ्या मात्र दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने खाऊ नयेत. मूत्रपिंड आणि जठर त्याची किंमत मोजतात.

लघवी अडली किंवा नकळत झाली, बैठकीची जागा बधिर झाली, पायातली शक्ती गेली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कंबरदुखीसोबत ताप असेल किंवा विनाकारण वजन घटत असेल, तरीही चालढकल नको.