दूरचा हादरा, बोअरचं पाणी

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्या लातूर जिल्ह्यात, अहमदपुरातही, बोअरचं पाणी अचानक गढूळ झालं की मनात पाल चुकचुकते. ही भीती दर वेळी खरी नसते. पण तिला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणंही शास्त्रीय नव्हे. 26 डिसेंबर 2004 रोजी सुमात्राजवळ भूकंप झाला, तेव्हा सुमारे 2,900 किलोमीटरवरच्या कोयना-वारणा भागातल्या निरीक्षण विंधनविहिरींत पाण्याची पातळी हलल्याची नोंद झाली. माणसाला न जाणवणाऱ्या लाटेनं पाणी कसं हलेल? अभेद्य थराखाली कोंडलेल्या पाण्याला वाट असते ती बोअरचीच, त्यामुळे खडक केसभर आवळला तरी नळीतली पातळी चढते. भेगांत अडकलेला गाळ सुटला तर पाझर वाढतो आणि रेडॉन, हेलियमसारखे वायूही वर सरकू शकतात.

मग यावरून भाकीत का करू नये? कारण पाऊस, हवेचा दाब आणि शेजारचा पंपही पातळी हलवतात; बहुतेकदा पंपच! म्हणून उपसा नसलेल्या बोअरमध्ये स्वयंचलित नोंदयंत्र हवं. तालुक्यातल्या महाविद्यालयांनी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मार्गदर्शन घेऊन अशी एक तरी बोअर राखून ठेवावी.