पीयूसीने चेक इंजिन दिव्याचेही ऐकावे

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, पण गाडी नेहमीसारखी धावत असली, की बहुतेक जण तिकडे काणाडोळा करतात. वास्तविक या दिव्यामागची ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्स), म्हणजे गाडीची स्वतःला तपासणारी यंत्रणा सक्तीची झाली, ती मुख्यतः धुरावर पाळत ठेवण्यासाठी. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून ओबीडी-२ बंधनकारक झाली. भारतात बीएस-४च्या काळात, २०१०पासून, ओबीडी टप्प्याटप्प्याने आली. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पुढचे आणि मागचे ऑक्सिजन सेन्सर काय सांगतात, हे इंजिनचा संगणक ताडून पाहतो. मागच्या सेन्सरचे आकडेही पुढच्यासारखेच वरखाली होऊ लागले, तर कन्व्हर्टर थकला असे समजून तो पी०४२० हा कोड नोंदवतो आणि दिवा लावतो. दिवा लुकलुकत असेल, तर सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आहे. अशा वेळी गाडी दामटणे म्हणजे महागडा कन्व्हर्टर जाळणे.

एवढी नोंद गाडीतच तयार असताना आपली पीयूसी तपासणी मात्र सायलेन्सरमध्ये नळी घालून, उभ्या गाडीचा धूर मोजून संपते. त्यात पेट्रोल गाडीचे नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. त्यामुळे दिवा पेटलेला असूनही प्रमाणपत्र मिळू शकते. ओबीडी असलेल्या गाड्यांना पीयूसी केंद्रात कोड वाचणारा स्कॅनर लावणे म्हणूनच सक्तीचे करायला हवे. अमेरिकेतील अनेक राज्यांत हीच पद्धत आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की लोक आदल्या दिवशी कोड पुसून येतील. पण कोड पुसला की गाडीच्या स्वयंचाचण्यांची नोंदही कोरी होते आणि ती पुन्हा भरायला गाडी काही काळ चालवावी लागते. नोंद कोरी दिसली, तर प्रमाणपत्र रोखता येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोड म्हणजे निदान नव्हे. पी०४२० गळक्या एक्झॉस्टमुळे किंवा खराब सेन्सरमुळेही येतो आणि घाईत कन्व्हर्टर बदलून ग्राहक नाडला जातो. म्हणून पीयूसी केंद्राने फक्त कोड छापून द्यावा, दुरुस्ती सुचवू नये. जुन्या, ओबीडी नसलेल्या गाड्यांना सध्याचीच चाचणी राहू द्यावी. साधा स्कॅनर आज छोट्या गॅरेजलाही परवडतो. तेव्हा खर्चाची सबब टिकत नाही. परिवहन विभागाने हा नियम आता करावाच.