केटीएचएममधला ‘टी’ कोण?

शुक्रवारी रात्री साडेअकराला काकांचा फोन. काका नऊला झोपणारे, त्यामुळे स्क्रीनवर त्यांचं नाव दिसताच पोटात गोळा आला. पण विषय वेगळाच निघाला.

‘‘आण्णांची समाधी बांधायची म्हणतोय, मळ्यात. माल निघाला की काम सुरू. तू लिहिण्यातली आहेस, पाटीवरचा मजकूर करून दे. जन्म, कार्य, सगळं आलं पाहिजे. रविवारी ये.’’

माझ्या लॅपटॉपवर तेव्हा ‘उन्हाळ्यात त्वचेची निगा’ अर्धवट पडली होती, डेडलाइन शनिवार दुपार. पण फ्रीलान्सरला कुणालाच नाही म्हणता येत नाही, काकांना तर नाहीच. म्हटलं, येते.

आण्णा म्हणजे माझे आजोबा. पिंपळगाव बसवंतला आमचा द्राक्षाचा मळा आहे. आण्णा गावात सोसायटीचे चेअरमन होते. पंचायत समितीला एकदा उभे राहिले आणि पडले. म्हणजे असे पुढारी, की ज्यांना अख्खा गाव ओळखतो आणि गावाच्या वेशीबाहेर कुणीही ओळखत नाही. गेल्या वर्षी ते गेले. आता वर्षश्राद्धाच्या आत काकांना चौथरा, वर छत्री आणि संगमरवरी पाटी असं सगळं हवं होतं. त्यासाठी थॉमसनच्या दोन ओळी काढाव्या लागणार होत्या.

‘‘आजी काय म्हणतेय?’’ मी विचारलं.

‘‘तिला काय विचारायचं त्यात?’’ काका म्हणाले आणि फोन ठेवला.

मजकूर लिहायचा तर आधी रिसर्च हवा, ही मास कॉमची सवय. मला आठवले माझ्या मैत्रिणीने पाठवलेले फोटो. ती बॉस्टनला असते. गेल्या ऑक्टोबरमध्ये रंगीत पानं बघायला ती शेजारच्या व्हरमाँट राज्यात गेली होती. तिथे विंडसर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुका-जिल्ह्याच्या मधलं काहीतरी. गायी, टेकड्या, लाकडी घरं. तिथल्या प्लिमथ नॉच या एवढ्याशा गावातल्या दफनभूमीत कॅल्विन कूलिज यांची कबर आहे. हे गृहस्थ १९२३ ते १९२९ अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते, १९३३ मध्ये वारले. आणि कबर कशी? उतारावर, घरच्या इतरांच्या रांगेत, एक साधा उभा दगड. शेजारी बायको ग्रेस आणि १९२४ मध्ये सोळाव्या वर्षी गेलेला मुलगा. छत्री नाही, पुतळा नाही. मैत्रिणीने खाली लिहिलं होतं, ‘‘अगं, मी आधी चुकून पुढेच निघून गेले.’’

तिकडे म्हणे हा एक छंदच आहे. आपल्या काउंटीतले आमदार, सिनेटर, न्यायाधीश कुठल्या दफनभूमीत कुठे आहेत ते शोधत फिरायचं. मला वाटलं, आपल्याकडे असं करायचं ठरवलं तर? निफाड तालुक्यातले पुढारी कुठे सापडतील?

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे, रामकुंडात! बरोबर. आपल्यातल्या बहुतेकांचा शेवटचा पत्ता तोच. आण्णांच्या अस्थी घेऊन आम्हीही तिथेच गेलो होतो. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा एक भाग तिथेच सोडला होता. म्हणजे राष्ट्रपिता आणि आमच्या सोसायटीचे चेअरमन एकाच पाण्यात. यापेक्षा मोठी लोकशाही कुठे मिळणार? पण पाण्यावर पाटी लावता येत नाही.

जिथे दफन होतं तिथे दगड राहतो. आपल्याच जिल्ह्यात मालेगावला निहाल अहमद आहेत. विधानसभेत विरोधी पक्षनेते राहिलेला हा समाजवादी नेता २०१६ मध्ये गेला आणि आपल्याच गावच्या मातीत गेला. बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री म्हणून मंत्रालयात बसले, पण २०१४ मध्ये त्यांचं दफन झालं ते रायगड जिल्ह्यातल्या आंबेत या त्यांच्या गावी. आणि अग्नी दिलेल्यांपैकीही काहींच्या जागेवर आजही माणसं येतात. कराडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, २५ नोव्हेंबरला तिथे सगळ्या पक्षांचे नेते दिसतात. आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जी गर्दी लोटते, तिला तर कुणी बोलवावं लागत नाही.

पण हे झाले मोठे. मधल्या फळीचं काय?

याचं उत्तर मला रविवारी सकाळी मिळालं, नाशिकहून पिंपळगावला जाणाऱ्या एसटीत. शेजारी माझा चुलतभाऊ होता, इंजिनीअर. पंचवटी सोडली आणि डाव्या-उजव्या बाजूच्या पाट्या वाचताना माझी ट्यूब पेटली. आपल्याकडे नेते कबरस्तानात नसतात, ते गेटवर असतात!

के. के. वाघ इंजिनीअरिंग. माझा भाऊ चार वर्षं तिथे शिकला. मी विचारलं, ‘‘के. के. म्हणजे?’’

‘‘के. के. म्हणजे के. के.,’’ तो म्हणाला. ‘‘कुणीतरी मोठे असतील.’’

के. के. म्हणजे कर्मवीर काकासाहेब. निफाड तालुक्यात सहकार रुजवणाऱ्यांतले. त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था १९७० पासून आहे. पिंपळगावच्या कॉलेजला त्यांचंच नाव, रानवडच्या साखर कारखान्याला त्यांचंच नाव आणि त्या कारखान्याच्या वसाहतीचा पत्ता काकासाहेबनगर. माणूस पोस्टाचा पत्ता होऊन बसला, तरी त्याच्या नावाच्या कॉलेजातून डिग्री घेतलेल्या पोराला तो माहीत नाही.

हसू नका. नाशिकमध्ये कॉलेज केलेल्या कुणालाही विचारा, केटीएचएममधला ‘टी’ कोण? गंगापूर रोडवरचा कट्टा, कॅन्टीन, फेस्ट, सगळं तोंडपाठ असतं. पण के म्हणजे कर्मवीर, टी म्हणजे रावसाहेब थोरात, एच म्हणजे भाऊसाहेब हिरे आणि एम म्हणजे अण्णासाहेब मुरकुटे, हे किती जणांना सांगता येईल? आर्ट्स एकाच्या नावाने, कॉमर्स दुसऱ्याच्या, सायन्स तिसऱ्याच्या. तीन माणसं चार इंग्रजी अक्षरांत दाटीवाटीने बसली आहेत.

यातला ‘एच’ तर सिनेमा काढण्यासारखा. भाऊसाहेब हिरे मुंबई राज्याचे महसूलमंत्री. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचा नेता निवडायची वेळ आली, तेव्हा ते यशवंतराव चव्हाणांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. पुढे १९६३ मध्ये संरक्षणमंत्री असलेले हेच यशवंतराव लोकसभेवर निवडून आले ते कुठून? हिऱ्यांच्या नाशिक जिल्ह्यातून, आणि तेही बिनविरोध! त्यानंतर ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. एसटी त्याच ओझरमधून चालली होती. आज नाशिकला यशवंतरावांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. त्यालाही आपण म्हणतो वायसीएमओयू. जिंकलेला आणि हरलेला, दोघेही शेवटी इनिशियल्स!

मला जरा भीतीच वाटली. एवढ्या मोठ्या माणसांचं पन्नास-साठ वर्षांत एक अक्षर होत असेल, तर आण्णांच्या छत्रीचं काय होईल? कबुतरं बसतील, पाटीवरचं सोनेरी पेंटिंग उडेल आणि काकांची नातवंडं विचारतील, हे कोण?

मळ्यात पोचले तेव्हा शेडमध्ये क्रेट रचणं चालू होतं. काकांनी हातात चहा दिला आणि पाठोपाठ मजकुराचा कागद. अकरा ओळी. ‘लोकनेते’, ‘सहकारमहर्षी’, ‘गोरगरिबांचे कैवारी’. आण्णांनी हे वाचलं असतं तर तंबाखू थुंकून हसले असते.

आजी द्राक्षाच्या घडातले खराब मणी कात्रीने काढत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि मोबाइलवर तो व्हरमाँटचा फोटो दाखवला. तिने चष्मा वर केला.

‘‘हा कोण?’’

‘‘अमेरिकेचा प्रेसिडेंट होता, आजी.’’

‘‘एवढाच दगड?’’

‘‘एवढाच.’’

‘‘आन् ही बाजूची?’’

‘‘बायको. तिचंही नाव आहे बघ.’’

आजी बराच वेळ फोटो बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘चल, तुला एक दाखवते.’’

ती मला घेऊन गेली गावातल्या पाण्याच्या टाकीपाशी. टाकीच्या पायाला कोनशिला आहे. लहानपणापासून मी तिच्यावरून शेकडो वेळा गेले असेन, कधी वाचली नव्हती. वर उद्घाटकांचं नाव मोठ्या अक्षरात. खाली अध्यक्ष. मग सरपंच, उपसरपंच. आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात, ‘व सर्व सदस्य’.

आजीने त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘‘ही मी.’’

मला एकदम काही कळलंच नाही.

झालं होतं असं. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामपंचायतीत किमान एक तृतीयांश जागा बायकांना आल्या. (महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या.) आमच्या वॉर्डाची जागा राखीव झाली, तेव्हा आण्णांनी आजीला उभं केलं. घरात ही गोष्ट नेहमी ‘आण्णांनी आजीला मेंबर केलं होतं’ अशीच सांगितली जायची, विनोदासारखी. पण वरच्या वस्तीला नळ मिळावा म्हणून तीन मासिक सभांत तीच उठून बोलली, ठराव तिनेच मांडला, आणि तेव्हा आण्णा घरी चिडून बसले होते. कारण सरपंच त्यांच्याच गटाचा होता! हे मला त्या दिवशी, त्या टाकीखाली, पहिल्यांदा कळलं. मी पत्रकार. अनोळखी बायकांच्या मुलाखती घेत शहरभर फिरते. घरच्या बाईला कधी प्रश्न विचारला नव्हता.

कूलिजला निदान दगड मिळाला, काकासाहेबांना गेट मिळालं, थोरातांना ‘टी’ मिळाला. आजीला ‘सर्व सदस्य’.

संध्याकाळी बैठक बसली. आजीने एका दमात सांगितलं, ‘‘वेली काढायच्या न्हाईत. त्यांनी लावल्यात त्या. शेडच्या भितीला एक फरशी बसवा. त्यांचं नाव पुरं लिवा. चेअरमन लिवा. बाकी ते महर्षी-बिहर्षी नको. आन् खाली माझंबी लिवा.’’

काका उडालेच. ‘‘आई, जित्या माणसाचं नाव? लोक काय म्हणतील?’’

मग मी माझा रिसर्च वापरला. म्हटलं, काका, अमेरिकेत कितीतरी दगडांवर नवरा-बायको दोघांची नावं एकदमच कोरतात. जो मागे राहिला त्याची शेवटची तारीख तेवढी कोरी ठेवतात. काकांनी आजीकडे पाहिलं. आजी चहाची बशी फुंकत होती. पाच मिनिटं कुणीच बोललं नाही. शेवटी काका म्हणाले, ‘‘फरशी कडप्प्याची चालेल का गं आई?’’

तर आता त्या शेडच्या भिंतीवर चार ओळी आहेत. आण्णांचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकही इनिशियल नाही. खाली ‘चेअरमन’. मग आजीचं नाव, आणि त्याखाली ‘ग्रामपंचायत सदस्य’. पंचायत समितीला पडले तेही लिहायचं का, असं मी विचारलं होतं. आजी म्हणाली, ‘‘ते समद्यांना ठावं हाय.’’

माझ्या करिअरमधला हा सगळ्यात छोटा मजकूर. मानधन म्हणून थॉमसनची एक पेटी मिळाली, वेळेवर. आजवरच्या क्लायंट्सनी यातून काही शिकावं!

परतीच्या एसटीत भाऊ गप्प होता. के. के. वाघचं गेट आलं तसा तो खिडकीतून पाटीकडे बघायला लागला. पाटी मागे गेल्यावर म्हणाला, ‘‘कर्मवीर काकासाहेब.’’

मग थोड्या वेळाने, ‘‘आणि टी?’’

‘‘थोरात,’’ मी म्हटलं. ‘‘रावसाहेब थोरात.’’