ऋण काढून नाणी नकोत

छत्रपती संभाजीनगरच्या संग्राहकाला नाण्यांच्या शोधात लांब जावे लागत नाही. पन्नासेक किलोमीटरवर पैठण, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. शहराच्या वेशीपलीकडे देवगिरी, जिथे यादवांचे सोन्याचे पद्मटंक चालले आणि पुढे महंमद तुघलकाने दौलताबाद असे नाव देऊन राजधानी आणली. खुद्द या शहराच्या टांकसाळीत मोगल रुपये पाडले गेले आणि त्यांवर कधी औरंगाबाद, तर कधी खुजिस्ता बुनियाद हे नाव उमटले. त्यानंतर निजामाचा हाली सिक्का मराठवाड्याच्या घराघरांत खेळला. एवढा वारसा दाराशी असताना नाण्यांचा नाद लागणे स्वाभाविक आहे आणि तो नाद चांगलाच आहे. वाद आहे तो नाद पुरवण्याच्या नव्या रीतीशी. लिलाव मोबाइलवर चालतो, त्याच मोबाइलवर क्रेडिट कार्ड जोडलेले असते आणि पर्सनल लोन बसल्या जागी मंजूर होते. त्यामुळे संधी समोर असताना पैशांसाठी थांबणे म्हणजे हातचे नाणे घालवणे, असे मत संग्राहकांत रुजते आहे. हे मत हिशेबाने चुकीचे आहे आणि संग्रहाच्या मुळावर येणारे आहे, असे माझे म्हणणे आहे. कर्ज नाणे मिळवून देते, पण त्याच्या बदल्यात संग्राहकाकडून दोन गोष्टी काढून घेते: पारखायला लागणारा वेळ आणि न विकण्याचे स्वातंत्र्य. ज्याच्याकडे या दोन गोष्टी उरल्या नाहीत, त्याच्या कपाटात नाणी असतील, संग्रह नसेल.

उधारीच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद संधीचा आहे. दुर्मिळ नाणे आयुष्यात एकदाच समोर येते. पगाराच्या तारखेपर्यंत ते थांबत नाही. व्याज काय, पुढे फेडता येईल, पण गेलेले नाणे परत येणार नाही. यात सत्याचा अंश आहे. मात्र ‘दुर्मिळ’ हे विशेषण बाजारात किती सैल हाताने वापरले जाते, ते आधी पाहावे. निजाम महबूब अली खान यांच्या काळात, १९०३-०४ च्या सुमारास यंत्रावर पाडायला घेतलेला चारमिनार छापाचा हैदराबादी रुपया मुबलक निघाला आणि आजही मुबलक मिळतो. खुजिस्ता बुनियादचे रुपये लिलावांत पुन्हा पुन्हा येतात. तांब्याच्या शिवराया तर गावोगाव सापडल्या आहेत. संभाजीनगरचा सर्वसाधारण संग्राहक ज्यावर कर्ज काढायला निघतो, ती नाणी बहुधा याच वर्गातली असतात. आज निसटले तर वर्षभरात तसेच दुसरे, कदाचित याहून चांगल्या अवस्थेतले, समोर येईल. खरोखर एकमेव म्हणावे असे नाणे क्वचितच येते आणि त्याची किंमत अशी असते की मध्यमवर्गीय घराने त्यासाठी घेतलेले कर्ज नाण्यापुरते न राहता मुलांच्या शिक्षणाला आणि घरातल्या दुखण्याखुपण्याला हात घालते.

दुसरे असे, की घाई हीच नकली नाण्याची सर्वांत जवळची मैत्रीण आहे. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ, म्हणूनच त्याच्या नकला उदंड. नकला मुबलक मिळणाऱ्या शिवराईच्याही निघतात. नाणे पारखणे म्हणजे नेमके काय, हे त्या चारमिनार रुपयावरच पाहता येते. मिनारांच्या मधल्या कमानीत एक छोटे अक्षर असते. मीम असेल तर नाणे महबूब अलींचे, ऐन असेल तर त्यांच्यानंतरचे निजाम उस्मान अली यांचे. उस्मान अलींच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांत तो ऐनही कुठे अपुरा काढलेला, कुठे पूर्ण. त्या एवढ्याशा वळणावर प्रकार बदलतो आणि भावही बदलतो. मोगल रुपयाची गोष्ट आणखी अवघड. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे टांकसाळीचे नाव किंवा सन पुष्कळदा काठाबाहेर जातो. वरून सराफांनी चांदी तपासताना मारलेल्या खुणा असतात. वजन, काठ, अक्षरांची ठेवण, झीज नैसर्गिक आहे की घासून आणलेली, हे सारे पाहायला भिंग लागते, संदर्भग्रंथ लागतात, एखाद्या जाणत्याला विचारायला चार दिवस लागतात. ज्याला महिनाभर पैसे जमवावे लागतात, त्याला हे चार दिवस आपोआप मिळतात. ज्याच्या हाताशी मंजूर कर्ज आहे, त्याला हातोडा पडण्याआधीची दोन मिनिटेच मिळतात. पैशांची वाट पाहणे हा अडथळा वाटतो, पण अभ्यास नेमका त्याच काळात होतो.

आता भावाचा युक्तिवाद. ‘नाण्यांचे भाव व्याजापेक्षा वेगाने चढतात, म्हणून कर्ज फुकटच पडते,’ असे म्हणतात. समजा, लिलावात एक नाणे १,००,००० रुपयांना सुटले. त्यावर खरेदीदाराकडून घ्यायचे कमिशन १५ टक्के धरू, कर तूर्त बाजूला ठेवू. म्हणजे खिशातून गेले १,१५,०००. ही रक्कम १४ टक्के व्याजाने तीन वर्षांच्या पर्सनल लोनमधून आणली, तर हप्ता सुमारे ३,९३० रुपये आणि एकूण फेड सुमारे १,४१,५०० रुपये. पुढे तेच नाणे लिलावात विकायला दिले आणि विक्रेत्याकडून १० टक्के कापले गेले, तर नुसती बरोबरी साधण्यासाठी ते १,५७,००० रुपयांच्या पुढे सुटले पाहिजे. म्हणजे तीन वर्षे सलग, दरवर्षी १६ टक्क्यांच्या आसपास चढ, आणि एवढे होऊन नफा शून्य. क्रेडिट कार्डाची थकबाकी याहून कितीतरी महाग. महिना साडेतीन टक्के दर वर्षभर चक्रवाढीने चालला तर तो ५१ टक्क्यांवर जातो. कार्डाच्या व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला आहे, तेव्हा तिकडून कुणी वाचवील ही आशाही ठेवू नये. शिवाय नाणे भाडे देत नाही, लाभांश देत नाही. घरात असेपर्यंत ते एक रुपयाही मिळवत नाही आणि हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

चढलेल्या भावांची उदाहरणे सगळ्यांच्या तोंडी असतात, कारण गाजतात तीच. पण धातूच्या मोलावर नाण्याला जो जास्तीचा भाव मिळतो, तो दुसऱ्याला ते किती हवेसे वाटते यावर उभा असतो, आणि हवेसे वाटणे बदलते. हे शिकायला दौलताबादसारखी दुसरी जागा नाही. १३२९-३० च्या सुमारास महंमद तुघलकाने चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालावीत अशी पितळेची आणि तांब्याची नाणी काढली. त्यांतली काही दौलताबादच्या टांकसाळीतली आहेत. धातू क्षुल्लक, मोल केवळ सुलतानाच्या शब्दाचे. लोकांनी घरोघरी नकला पाडल्या, विश्वास उडाला आणि दोन-तीन वर्षांत ती नाणी मागे घ्यावी लागली. चांदी-सोने देऊन ती परत घेण्यात खजिन्याला केवढा खड्डा पडला, ते त्या काळचा इतिहासकार बरनी याने नोंदवून ठेवले आहे. विश्वासावर उभे असलेले मोल किती झपाट्याने उतरते, याचा हा आपल्या शेजारचा दाखला. उसन्या पैशाचे काय होते, ते पाहायला १९८० ची चांदी पाहावी. अमेरिकेतल्या हंट बंधूंनी मोठी कर्जे उचलून चांदी साठवली. जानेवारीत पन्नास डॉलरच्या घरात गेलेला औंसाचा भाव २७ मार्चला अकरा डॉलरच्या खाली आला. चांदी तीच होती, कर्जही तेवढेच राहिले, फक्त भाव गेला. भाव मऊ असतो आणि कर्ज कठीण असते. या दोघांची गाठ बांधली की ओढाताणीत तुटतो तो कर्जदार.

‘घरासाठी, ट्रॅक्टरसाठी, दुकानासाठी कर्ज चालते, मग नाण्यासाठीच सोवळे का?’ असाही प्रश्न येतो. त्याचे उत्तर सावकारी धंद्याच्या वागण्यातच आहे. घरावर बँक कर्ज देते, कारण ते घर ती तारण म्हणून मान्य करते. जुन्या नाण्याला तो मान नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच स्पष्ट केले आहे की बँकांनी सोन्याच्या खरेदीसाठी, त्यात सोन्याची नाणीही आली, कर्ज देऊ नये. सोनेतारण कर्जातही मोजले जाते ते धातूचे शुद्ध वजन. तुमच्याजवळची मोगल मोहोर तिथे फार तर इतके ग्रॅम सोने असते. टांकसाळ, सन, दुर्मिळता यांना तिथे कवडीचे मोल नाही. पैशाचा धंदा करणारे लोक ज्या मोलावर पैसे लावायला तयार नाहीत, त्यावर आपला पुढच्या तीन वर्षांचा पगार लावणे हे धाडस नाही, अविचार आहे. त्यात कायद्याची चौकट वेगळीच. १९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे अडचणीच्या दिवशी विकायचे तर गिऱ्हाईक देशातलेच शोधावे लागते. आणि १८७८ च्या भूमिगत धन कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. पैठणच्या शेतात निघालेली म्हणून कुणी सातवाहन नाणी पुढे केली आणि चौकशी न करता घेतली, तर उद्या ती जप्त होऊ शकतात. नाणी गेली तरी हप्ता माफ होत नाही.

कार्डाच्या बाजूने एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा. बँकेत पैसे पडून आहेत, कार्डाने रक्कम भरली, व्यवहाराची नोंद राहिली आणि देय तारखेच्या आत सगळी रक्कम चुकती केली, तर ते कर्ज नव्हे, पैसे देण्याची एक सोय आहे. अनोळखी विक्रेत्याशी व्यवहार करताना ती सोय उपयोगीही पडते. फरक ओळखायची कसोटी साधी आहे: नाणे घेण्याच्या दिवशी ते पैसे तुमचे होते की नव्हते? होते, तर कार्ड खुशाल वापरा. नव्हते, तर ‘व्याजाविना पंचेचाळीस दिवस’ ही गोष्ट पंचेचाळिसाव्या दिवशी संपते.

शेवटचा आक्षेप भावनेचा आहे. मोठे संग्रह वेडाने उभे राहतात, हिशेबाने नव्हे, असे म्हणतात. वेड हवेच, पण त्या वेडाने काय केले ते आपल्याच मुलखात पाहावे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून निघणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे जपल्या आणि त्यांच्या संग्रहातून तिथले शासकीय संग्रहालय उभे राहिले. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेले सारे महाराष्ट्राला दिले. या माणसांची खरी पुंजी होती काळ. उलट टोकाला अमेरिकेतले ब्रूस मॅकनॉल. प्राचीन नाण्यांच्या व्यापारातून ते वर चढले, कर्जांवर कर्जे उचलत गेले आणि १९९० च्या दशकात सहा बँकांची तेवीस कोटी डॉलरांहून अधिक फसवणूक केल्याच्या गुन्ह्यांची कबुली देऊन तुरुंगात गेले. प्रत्येक कर्जदार असा घसरत नाही, हे खरे. पण कर्जाखालचा प्रत्येक संग्रह एका साध्या नियमाने फुटतो: हप्ता थकला की आधी विकले जाते ते सर्वांत चांगले नाणे, कारण पटकन गिऱ्हाईक त्यालाच मिळते. उरतो तो गाळ. आणि चांदी तेजीत असेल, तर त्या गाळातले रुपये सराफ्यात वितळायला जातात.

हे नुकसान एका घरापुरते राहत नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा सापडला. नाणी सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. एच. आर. स्कॉट यांनी १९०८ मध्ये त्यांचा अभ्यास मांडला आणि सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळवलेल्या विजयाचा हातात धरता येईल असा पुरावा इतिहासाला मिळाला. तो ठेवा अभ्यासाआधीच पाच-पन्नास नाण्यांच्या पुड्या करून विकला गेला असता, तर प्रत्येक नाणे एकेक जुना चांदीचा तुकडा ठरला असता. संग्रह एकत्र राहतो तेव्हाच त्याला पुराव्याचे बळ येते. ज्याच्यावर कर्ज नाही तोच संग्राहक तो एकत्र ठेवू शकतो.

म्हणून माझा आग्रह नुसत्या नकाराचा नाही. दर महिन्याला नाण्यांसाठी वेगळी रक्कम बाजूला टाकावी, रिकरिंगमध्ये म्हणा किंवा भिशीत, आणि ती जमल्यावरच लिलावाची यादी उघडावी. पहिली खरेदी ग्रंथाची असावी, दुसरी भिंगाची, तिसरी अचूक वजनकाट्याची. सगळे राजवंश एकदम न धरता एकच विषय निवडावा: फक्त खुजिस्ता बुनियाद, किंवा फक्त चारमिनार रुपयाचे सनवार प्रकार. स्वस्त नाण्यांचा असा नेटका संच अभ्यासकाला एका महागड्या, संदर्भहीन मोहरेपेक्षा जास्त सांगतो. दुबार नाणी विकून त्या पैशांतून पुढची घ्यावी. मोठे नाणे हवेच असेल तर ओळखीच्या विक्रेत्याशी लेखी बोली करून टप्प्याटप्प्याने, बिनव्याजी पैसे द्यावेत आणि पूर्ण रक्कम होईतो नाणे त्याच्याकडेच राहू द्यावे. सौदा मोडला तरी तोटा मर्यादित राहतो आणि मधल्या काळात नाणे तपासूनही घेता येते. या वाटेने संग्रह सावकाश वाढेल, पण जो वाढेल तो पारखलेला असेल, पूर्णपणे आपला असेल आणि कुणाच्या वसुलीच्या तारखेला बांधलेला नसेल. मराठवाड्याच्या मातीतली नाणी पुढच्या पिढीपर्यंत पोचवायची असतील, तर ती ज्यांच्या हाती आहेत त्यांच्यावर विकण्याची सक्ती येता कामा नये. आणि ती सक्ती टाळण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे, ऋण न काढण्याचा.