शिवी, खेळ आणि वॉल्टर केनेडी

दोन कवींनी आळीपाळीने परस्परांचा पद्यातून उद्धार करायचा, असा 'फ्लायटिंग' हा जुना स्कॉटिश काव्यप्रकार. ही निव्वळ दरबारी क्रीडा होती, तीत ना वैर ना मत्सर, हे मत आता पाठ्यपुस्तकी सत्य होऊन बसले आहे. त्याचा पुरावाही ठरलेला. चौथ्या जेम्सच्या काळात विल्यम डनबार आणि वॉल्टर केनेडी यांनी एकमेकांना यथेच्छ शिव्या घातल्या. पण दिवंगत कवींवरील विलापिकेत डनबार मरणासन्न केनेडीसाठी हळहळतो. सबब भांडण लटके. हा युक्तिवाद मुळातच लंगडा आहे. प्रतिस्पर्ध्याच्या मरणाने मन द्रवले, म्हणून आधी केलेला घाव खोटा कसा ठरतो? कुस्ती हा खेळच. तरी चीत होणाऱ्याच्या पाठीला माती लागतेच.

शिव्यांचा ऐवज तरी पाहावा. डनबार केनेडीच्या दारिद्र्यावर आणि गलिच्छपणावर तुटून पडतो, पण खरा रोख आहे तो त्याच्या कॅरिक प्रांतातील गेलिक भाषेवर. अशा जिभेला काव्य कसले साधणार, हा त्याचा सूर. केनेडी भाषेची लाज बाळगत नाही; खऱ्या स्कॉटिश माणसाची भाषा हीच असायला हवी, असे तो उलट बजावतो. मग तो आपले राजरक्त पुढे करतो (तो तिसऱ्या रॉबर्टचा पणतू होता) आणि डनबारच्या कुळावर इंग्रजांशी संगनमत केल्याचा ठपका ठेवतो. कूळ, भाषा आणि कवी म्हणवून घेण्याचा अधिकार जिथे पणाला लागतो, तिथे 'निव्वळ' हे विशेषण कोणत्या आधारावर वापरायचे? मराठी वाचकाला येथे कलगी-तुरा आठवेल. पण तिथे शक्ती श्रेष्ठ की शिव, हा तत्त्ववाद तरी मध्ये असतो; इथे माणूसच उघडा समोर उभा आहे.

शिवाय सोळाव्या शतकातील स्कॉटिश नगरन्यायालयांच्या दप्तरांत 'फ्लायटिंग' हाच शब्द गुन्ह्याचे नाव म्हणून येतो, आणि त्यापायी शिक्षा भोगणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा आहे. राजवाड्यातली कला बाजारात अपराध ठरत होती. क्रीडावादी समीक्षेला याची दखल घ्यावीशी वाटत नाही, याचे नवल वाटते.

राहिला प्रश्न कीर्तीचा. इ.स. १५०१ च्या सुमारास गॅविन डग्लसने आपल्या काव्यात या दोघांचा उल्लेख केला तो केनेडीला थोर म्हणून, आणि डनबारच्या आधी. १५३० मध्ये डेव्हिड लिंडसेनेही हाच क्रम राखला. पुढच्या वाङ्मयेतिहासांत मात्र केनेडी उरला तो डनबारचा प्रतिपक्षी म्हणून, म्हणजे शिवी खाणारा म्हणून. हे कोणत्या खेळात बसते? इंग्लंडात तर याहून वाईट घडले. जॉन स्केल्टनने १५१४ च्या सुमारास गार्नेशवर राजाज्ञेने रचलेली शिवीकाव्ये टिकली, गार्नेशची उत्तरे मात्र नष्ट झाली. आणि आपण त्या एकतर्फी कज्जात स्केल्टनच्या वाक्चातुर्याचे गोडवे गातो.

केनेडीचे ख्रिस्ताच्या यातनांवरील प्रदीर्घ काव्य आजही उपलब्ध आहे. ज्या गेलिकसाठी तो भांडला, त्या भाषेतली त्याची एकही ओळ उरलेली नाही. डनबारने त्या भाषेला घातलेल्या शिव्या मात्र १५०८ च्या सुमारासच, स्कॉटलंडमधील पहिल्या छापखान्यातून, छापून निघाल्या होत्या.