हक्क एका क्षणाचा, नोंद आयुष्यभराची

नागरिकत्व ही कायद्याच्या दृष्टीने एका क्षणात घडणारी गोष्ट आहे. परदेशातून येऊन भारतात स्थिरावलेली व्यक्ती राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेते, तिच्या हाती प्रमाणपत्र पडते आणि ती या देशाची नागरिक होते. शासनाच्या दप्तरातील तिचा प्रवास मात्र त्या क्षणी संपत नाही. तो तेथून सुरू होतो. मतदार यादी, शिधापत्रिका, बँकेचे खाते, मुलांच्या शाळेतील नोंद या प्रत्येक ठिकाणी तिला आपली नवी ओळख स्वतः जाऊन सांगावी लागते. एका कार्यालयाला कळलेली गोष्ट दुसऱ्या कार्यालयाला आपोआप कळत नाही.

नागरिकत्व अधिनियम १९५५ च्या कलम ६ अन्वये देशीयकरणाने नागरिक होण्यासाठी साधारणतः एकूण बारा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींसाठी ही मुदत कमी केली. त्या संबंधीचे नियम ११ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात पहिली प्रमाणपत्रे दिली गेली. या तरतुदीतील एक बाब लक्षणीय आहे. अशी व्यक्ती प्रमाणपत्राच्या दिवसापासून नव्हे, तर भारतात प्रवेश केल्याच्या दिवसापासून नागरिक मानली जाते. म्हणजे कायदा मागे वळून नागरिकत्व मोजू शकतो. पण रास्तभाव दुकानातील धान्य मागील तारखेपासून मोजून मिळत नाही. नाव चढले त्यानंतरच शिधा सुरू होतो. तोवर गेलेले महिने गेलेलेच असतात.

आधारच्या बाबतीत तर पुष्कळांचा गैरसमज असतो. आधार क्रमांक रहिवासाच्या आधारे मिळतो. २०१६ च्या आधार अधिनियमाच्या कलम ९ मध्ये, आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे नव्या नागरिकाचा पूर्वीचा आधार क्रमांक बदलत नाही. बदलावी लागते ती नाव, पत्ता, जन्मतारीख यांतील विसंगती. प्रमाणपत्रावर एक आडनाव आणि आधारवर दुसरे असे असेल, तर पुढचा प्रत्येक अर्ज त्या एका अक्षरापाशी अडतो. म्हणून प्रमाणपत्र मिळाल्यावर प्रथम सर्व कागदांवरील नाव एकसारखे करून घ्यावे, मतदार नोंदणीसाठी नमुना ६ भरावा आणि त्यानंतर शिधापत्रिकेकडे वळावे, हा क्रम सोयीचा ठरतो.

हा सारा खटाटोप केवळ परदेशातून आलेल्यांच्या वाट्याला येतो असे मात्र नाही. पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राहणाऱ्यांनाही तो चुकलेला नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके त्याची साक्ष देतात.

वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी समाजांची ही डोंगराळ भूमी. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते; १९४८ मध्ये ते विलीन झाले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले, त्याच दिवशी त्यातील नागरिकत्वाची मूळ कलमे अमलात आली, आणि कोणताही अर्ज न करता, कोणतीही शपथ न घेता येथील माणसे भारताची नागरिक झाली. त्यांच्या नागरिकत्वाविषयी कोणी शंका घेत नाही. तरीही त्या नागरिकत्वातून मिळणारे लाभ पदरात पाडून घेण्यासाठी त्यांना कागदांचीच वाट तुडवावी लागते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्या घरात आजोबांनी शाळेची पायरी चढली नाही, तेथे मग कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची जुनी नोंद शोधावी लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. माणसे जागची हलली नाहीत, पण त्यांच्या जुन्या कागदांवरचा जिल्हा मात्र मागे राहिला.

या भागात नोंदीचा प्रश्न किती गंभीर आहे, हे समजण्यासाठी एका नवविवाहितेचे उदाहरण पुरेसे आहे. विवाहानंतर तिचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी करून तसा दाखला घ्यावा लागतो आणि तो सासरच्या तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत सादर करून तेथे नाव वाढवावे लागते. माहेर मोखाड्याच्या एका टोकाला, सासर जव्हारच्या दुसऱ्या टोकाला. एकेका खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते. या दोन दाखल्यांच्या मधल्या काळात ती कोणत्याच घरच्या शिधापत्रिकेवर नसते. परदेश सोडून आलेल्या आणि येथे अजून नोंद न झालेल्या माणसाची जी अवस्था, तीच या लेकीची. अनेकदा हाच काळ तिच्या पहिल्या गरोदरपणाचा असतो, म्हणजे आयुष्यात अन्नाची सर्वाधिक गरज असण्याचा.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला हादरवले होते. त्यानंतर शासनाने अनेक योजना आणल्या. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना त्यांपैकीच एक. योजना कागदावर उत्तम आहे. पण ज्या मातेचे नाव अंगणवाडीच्या यादीत नाही, तिच्यापर्यंत ते ताट पोहोचण्याची वाट बिकट होते. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पोट हलते, नोंद मात्र पाड्यावरच राहते.

शिध्याचा हिशेब पाहिला म्हणजे या नोंदीचे मोल ध्यानात येते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य मिळते. अशा घरात जन्मलेल्या बालकाचे नाव चढवायचे वर्षभर राहिले, तर त्या घराला ६० किलो धान्य कमी पडते. अंत्योदय शिधापत्रिकेचा हिशेब वेगळा आहे. तेथे माणसे कितीही असोत, कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते. म्हणून विवाहित मुलगा वेगळी चूल मांडतो तेव्हा त्याची शिधापत्रिकाही वेगळी होणे आवश्यक असते. अन्यथा दोन चुलींना ३५ किलोंतच महिना काढावा लागतो. शिधापत्रिका देताना घरातील १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानावे, असेही हाच कायदा सांगतो.

स्थलांतरितांसाठी ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही व्यवस्था आहे. भट्टीजवळच्या रास्तभाव दुकानात ई-पॉस यंत्रावर ओळख पटवून धान्य घेता येते. सगळा शिधा एकाच ठिकाणी उचलण्याचे बंधनही नाही. काही धान्य तेथे घेऊन उरलेले गावी राहिलेल्या वृद्धांना घेता येते. त्यासाठी प्रत्येक सदस्याचा आधार शिधापत्रिकेशी जोडलेला आणि ई-केवायसी पूर्ण झालेली असावी लागते. मातीत आणि विटांत राबणाऱ्या हातांचे ठसे झिजतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. अशा वेळी बुबुळाच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीचा आग्रह धरावा. बालकाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी आधारमधील ठसे नव्याने द्यावे लागतात, हेही विसरू नये.

जन्माची नोंद ही या सर्व नोंदींची जननी आहे. जन्म २१ दिवसांच्या आत कळवला, तर शुल्क लागत नाही. वर्ष उलटून गेले, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावे लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी तर जन्म प्रमाणपत्र हाच शाळाप्रवेश, आधार, मतदार यादी आदी कामांचा आधारभूत दाखला ठरला आहे. पाड्यावर घरीच झालेल्या बाळंतपणाची वर्दी वेळेत न दिल्यास त्याची किंमत ते मूल पुढे अठरा-वीस वर्षे मोजत राहते.

अर्ज केल्यावर काय करावे, याचेही उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ अन्वये अधिसूचित सेवांसाठी कालमर्यादा ठरलेली आहे. अर्जाची पोच, त्यावरील क्रमांक आणि दिनांक हे अर्जदाराचे शस्त्र आहे. मुदतीत सेवा मिळाली नाही, तर प्रथम आणि द्वितीय अपील करता येते, त्यापुढे आयोगाकडे जाता येते. सबळ कारणाविना विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु ज्याच्याजवळ पोच नाही, त्याच्याजवळ अपीलही नाही. तोंडी सांगून परतणाऱ्या माणसाचा हेलपाटा शासनाच्या लेखी घडलेलाच नसतो.

आता या विषयाची दुसरी बाजू. नाव वाढवण्याची जशी निकड असते, तसे नाव कमी करण्याचे कर्तव्यही असते. अनेक सुस्थित घरांतील मुले अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक होऊन तेथील नागरिक होतात. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारताच कलम ९ अन्वये भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. भारतीय पारपत्र परत करावे लागते. मतदार यादीतील आणि शिधापत्रिकेतील नाव वगळावे लागते. बँकेला नवी स्थिती कळवावी लागते. परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणजे ओसीआय कार्ड प्रवासाची आणि वास्तव्याची मुभा देते, पण मताधिकार देत नाही. मुलाचे नाव घरच्या शिधापत्रिकेवर राहिले तर काय बिघडते, असे आईवडिलांना वाटते. यामागे लोभ नसतो, माया असते. तरीही हिशेब माया जाणत नाही. महाराष्ट्रात अन्न सुरक्षेच्या लाभार्थींची संख्या सुमारे ७ कोटींच्या मर्यादेत बांधलेली आहे. त्या यादीत गैरहजर वा अपात्र माणसाचे नाव राहणे म्हणजे कोठेतरी एखाद्या पात्र बालकाचे नाव बाहेर राहणे होय.

ज्यांना लिहिता-वाचता येते, ज्यांच्या हाती भ्रमणध्वनी आहे आणि अर्धा दिवस मोकळा काढता येतो, त्यांच्यासाठी हे काम मोठे नाही. दिवाळीपूर्वी, कुटुंबे भट्ट्यांकडे निघण्याआधी, एखाद्या पाड्यावर बसून प्रत्येक घराची शिधापत्रिका तपासता येईल. कोण जन्मले, कोण सासरी आले, कोण निवर्तले, कोणाची ई-केवायसी राहिली, हे टिपून अर्ज भरता येतील आणि पोच घेऊन ती त्या घरी देता येईल. यात दानापेक्षा श्रमाची आवश्यकता अधिक आहे. गरोदर स्त्रीचे स्थलांतर अंगणवाडी सेविकेला वेळीच कळवले, तर तिची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वर्ग होऊ शकते. एवढ्याने तिच्या वाटचे ताट तिच्या मागोमाग भट्टीवर पोहोचू शकते.

नागरिकाचा हक्क कोणी त्याला उपकार म्हणून देत नाही. तो त्याचाच असतो. मात्र तो ज्या वहीत लिहिला जातो, ती वही माणसाच्या आयुष्याबरोबर चालती ठेवावी लागते. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आज उणीव आहे ती अशी वही हाती धरून सोबत चालणाऱ्या माणसांची.