सिस्टरना म्हणे कॉम्प्युटरची भीती!

बोईसरला एका व्याख्यानात एका जाणकारांनी निकाल देऊन टाकला. सरकारी दवाखान्यांतल्या परिचारिका कॉम्प्युटरला घाबरतात, वयस्कर सिस्टर तर माउसला हात लावत नाहीत, म्हणून कॉम्प्युटरवरच्या नोंदींचं सगळं अडलंय. उपाय? प्रशिक्षण. या गृहस्थांना कुठल्याही दुखण्यावर प्रशिक्षणच सुचतं, चहा-बिस्किटांसकट.

भीती कसली? १६ जानेवारी २०२१ला कोविडची लस सुरू झाली. जव्हार-मोखाड्याच्या ज्या पाड्यांवर रेंज नव्हती, तिथली नावं कागदावर उतरवून, रेंजमध्ये येऊन कोविन पोर्टलवर चढवणाऱ्यांत एएनएम ताईही होत्या. वयाचा मुद्दा तर फुसकाच. पन्नाशीच्या सिस्टर मोबाइलवरून भाजीचे पैसे देतात.

वैताग आहे तो एकच गोष्ट दोनदा लिहिण्याचा. नाइटच्या सिस्टरपुढे ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट, ट्रीटमेंट शीट, औषध-सामानाच्या मागणीचं इंडेंट, डाएट, स्टॉक बुक आणि सकाळी ओव्हर द्यायचं रिपोर्ट बुक, हे सगळं हाताने. कॉम्प्युटर आला म्हणून यातलं एकतरी रजिस्टर गेलं का? ऑडिटला कागद हवा, कोर्टाला कागद हवा, साहेबांना सहीपुरता का होईना कागद हवा. आणि वर तेच सगळं पडद्यावर. तारापूर एमआयडीसीत स्फोट झाला की भाजलेला कंत्राटी कामगार आणतात. तो बोलायच्या अवस्थेत नसतो, सोबत आलेल्याला त्याचं गाव ओडिशात की बिहारात हेही ठाऊक नसतं. अशा वेळी सिस्टरने शीर शोधायची की मोबाइल नंबरचा रकाना भरायचा? ती शीर शोधते, नोंद पहाटे करते. मग आढाव्यात तिचा वॉर्ड ‘उशिरा नोंद’ म्हणून लाल रंगात झळकतो, आणि जाणकारांना भीतीचा पुरावा मिळतो.

कॉम्प्युटरला लागणाऱ्या विजेचं तर न बोललेलं बरं. तारापूर १९६९पासून देशाला अणुवीज पुरवतंय. पावसाळ्यात ती किती टिकते, ते शेजारपाजारच्या गावांना विचारा.

अशाच जाणकार मंडळींशी मागे अंगठ्याच्या हजेरीवरून माझं वाजलं होतं. दिवसभर हात धुऊन, स्पिरिट लावून झिजलेला अंगठा यंत्राला ओळखता येईना. तेव्हाही दोष अंगठ्याचाच निघाला!

नोंदींचं या पेशाला वावडं असतं, तर फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८मध्ये क्रिमियातल्या मृत्यूंच्या आकृत्या काढत बसण्याचं कारण नव्हतं.

मग हवं काय? पडद्यावरची नोंद तीच खरी, असं लेखी द्या आणि त्या कामाचं रजिस्टर बंद करा. रात्रपाळीला डाटा एंट्री ऑपरेटर ठेवा. पालघरचा पेशंट सिल्वासा, वलसाड, नाशिक नाहीतर मुंबईला धाडतात, तेव्हा नातेवाईक केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन धावतात. त्यांच्याआधी नोंद तिथे पोहोचत असेल, तर कॉम्प्युटर सिस्टर स्वतःच मागून घेतील. सुरुवात डाएट आणि इंडेंटपासून करा. एमएलसीचं, म्हणजे पोलीस केसच्या नोंदींचं, मागाहून बघू, पोलीस कागदाशिवाय ऐकायचे नाहीत.